कोरी ताटं

आमचं घर गावाच्या शेवटी, नाल्याच्या काठाला आहे. गावात कुठंही पंगत उठली की दुपारच्या वाऱ्यानं उष्टं सगळं आमच्या दाराशी येतं. पूर्वी पळसाच्या पत्रावळी यायच्या. त्या बकऱ्या खायच्या, उरल्या तर पावसात कुजायच्या. आता चकचकीत ताटल्या येतात, थर्माकोलचे द्रोण येतात, ग्लास, चमचे. ते कुजत नाही आणि बकरीनं खाल्लं तर बकरी मरते. नाल्यात ढीग वाढला की कोणीतरी काडी लावतो. धूर पहिल्यांदा आमच्या घरात शिरतो.

माझ्या बायकोला दमा होता. धुरानंच झाला असं डॉक्टर म्हणाला नाही, मीही म्हणत नाही. पण धूर आला की ती ओसरीच्या खांबाला धरून उभी राहायची आणि तोंडानं श्वास ओढायची. लोहाराचा भाता फाटल्यावर जसा आवाज येतो तसा. हे मी वर्षानुवर्षं ऐकलं. आता खांब आहे, ती नाही. दिवाळीनंतर थंडीत गेली.

मी चौथीपर्यंत शिकलो, पुढं ढोरांमागं गेलो. सजवून लिहिता येत नाही. ताटांचं काय झालं तेवढं लिहितो.

अमळनेरहून धुळ्याकडं जाताना आमचं गाव लागतं, कापसाचं. ती जायच्या काही वर्षं आधी पंचायतीनं कचऱ्याचा आराखडा केला. तालुक्याहून हुकूम आला होता. मारुतीच्या पारावर ग्रामसभा भरली. सरपंच बाई आहेत, पण बोलतो त्यांचा नवरा. बाई पदर सावरून शेजारी बसतात. ग्रामसेवकाला आम्ही भाऊसाहेब म्हणतो. भाऊसाहेबानं वाचून दाखवलं : ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, त्याच्यासाठी शेड, एक घंटागाडी, आणि पंगतीत प्लास्टिक बंद. त्याऐवजी गावाची भांडी बँक. ज्याच्या घरी कार्य असेल त्यानं गावाची ताटं न्यावी, धुऊन परत द्यावी.

"धुई कोन काढी?" मागून एकानं विचारलं. ताटं घासणार कोण, हाच गावाचा पहिला सवाल.

माझी बायको बायकांच्या बचत गटात होती. ती उभी राहिली. सभेत ती कधी बोलली नव्हती. "ते आम्ही देखी लेसूत," ती म्हणाली. "तुम्ही फक्त ताटं आना."

"वहिनी, तुम्ही घरनी भांडी घासतस का पन?" कोणीतरी बोललं आणि माणसं हसली.

"त्यासले इचार," तिनं माझ्याकडं बोट केलं. "सकाळथून मना हातनं चाटी पुसी खाई ऱ्हायनात." मग बायका हसल्या, आणि मीही.

ताटं आणायला पंचायतीकडं निधी नव्हता. आराखड्यात भांडी होती, निधी शेडसाठी आला होता. मग सरपंचाच्या नवऱ्यानं युक्ती काढली. आमच्याकडं माणूस गेला की सुतक फिटल्यावर गंधमुक्ती होते. कपाळाला गंध लागतो, गाव जेवतं, आणि सोयऱ्याधायऱ्यांना मेलेल्याच्या नावाचं एकेक स्टीलचं भांडं वाटतात. डबा, नाहीतर तांब्या. प्रत्येकाच्या घरी असे डबे पडलेत. आमच्या फळीवर अर्धा तालुका मेलेला बसला आहे, एकात डाळ नाही. सरपंचाचा नवरा म्हणाला, हे वाटणं बंद. ज्याच्या घरी मयत होईल त्यानं त्याऐवजी गावाला ताटं द्यावी. नवं भांडं घरोघर पडून राहायला नको, आणि गावाचं काम होईल. वर मेलेल्याचं नाव ताटावर राहील, पंगतीपंगतीत लोक वाचतील.

सगळ्यांना पटलं. मला पण पटलं. भाऊसाहेबानं तर मान डोलावून लिहूनच घेतलं. एवढी माणसं पारावर होती, म्हाताऱ्या बायका होत्या, एकाच्याही डोक्यात आलं नाही.

गावात माणसं मरतातच. ताटं येऊ लागली. चांगली जाड, काठाची. अमळनेरच्या बाजारात भांड्यावर नाव टाकणारा बसतो, त्याचं यंत्र टर्र टर्र वाजतं. ताटाच्या मधोमध ठिपक्याठिपक्यांनी 'कै.' आणि पुढं नाव, खाली 'यांच्या स्मरणार्थ'. शाळेच्या जुन्या खोलीत ताटं रचली. किल्ली माझ्या बायकोच्या कमरेला. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या काड्यांच्या, राखेनं ती ताटं घासायची, उन्हात मांडायची आणि लांबून बघायची. भिंतीवर भाऊसाहेबानं आराखड्याचं चित्र रंगवून घेतलं : हिरवं गाव, हसणारी घंटागाडी.

मग लग्नसराई आली.

पहिलं लग्न आमच्याच गल्लीत होतं. माझी बायको सांगायला गेली, ताटं घेऊन जा. नवरीची आई दारातच म्हणाली, "व माय, आंडेरना लगीनमा मरेलसना ताटमा वाढू का?"

झालं. लेकीच्या लग्नात मेलेल्यांच्या ताटात कोण वाढेल? वरण संपलं की खालून 'कैलासवासी' वर येणार. वऱ्हाडी बट्टी मोडणार ती कोणाच्या तरी बापाच्या नावावर. त्या बाईचं काही चुकलं नाही. मीही लेकीच्या लग्नात वाढलं नसतं.

तेव्हापासून ताटं फक्त गंधमुक्तीला जायची. लग्न, बारसं, जाऊळ, सगळं पुन्हा चकचकीत ताटलीत, आणि दुपारी वाऱ्यानं आमच्या दारात. तालुक्याहून साहेब बघायला आला तेव्हा ताटं उन्हात मांडून फोटो काढला. साहेब म्हणाला, उत्तम उपक्रम. शेडमध्ये तेव्हा सरपंचाच्या नवऱ्याच्या बकऱ्या बांधलेल्या होत्या, त्या तेवढ्यापुरत्या हाकलल्या.

बायको गप्प बसणारी नव्हती. ती घरोघर गेली. नाव घासून काढू, ताट तुमचंच राहील, म्हणाली. अमळनेरला पॉलिश मारून देतात. एक जण अंगावर आला : "मना बापनं नाव शे ते. बाप मरी गया, आते नाव बी मारशी?" दुसऱ्यानं सांगितलं, नाव खोडायचं तर ताट परत द्या. त्याचंही खरं होतं. बापाचं नाव कोण खोडू देईल?

ती घरी येऊन खांबाला टेकली. "आपण मेलेलीच माणसं जमवली हो," म्हणाली. एवढंच. मग खोकला आला.

शेवटी तिला धुळ्याला नेलं. सुरतहून पोरगा आला. तो तिकडं कापडाच्या कारखान्यात आहे, बायकापोरं तिकडंच. दवाखान्यात तिच्या नाकाला नळी लावली होती. पोरगा चहा आणायला खाली गेला तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, पोराचं काही सांगेल, नाहीतर पाणी मागेल. ती नळी बाजूला सारून म्हणाली, "मना नावना ताट देतीन, नाव टाकानं नही. कोरे द्या."

मी म्हणालो, "काही बोलू नको अशुभ. घरी जाऊ."

"आयका. कोरे ऱ्हायनात ते लोक लगीनले लई जातीन." ताटं कोरी राहिली तर लोक लग्नाला नेतील. मग श्वास घेऊन : "कबूल?"

मी मान हलवली. तिनं नळी पुन्हा नीट लावली, जसा पदर नीट करावा. दोन दिवसांनी गेली.

गंधमुक्तीच्या आदल्या दिवशी पोराशी भांडण झालं. तो बाजारातून ताटं घेऊन येणार होता, नाव टाकून.

मी म्हणालो, "नाव टाकायचं नाही."

"बाबा, हे काय काढलं आता?"

"तिनं सांगितलंय."

"नळ्या लागल्यावर माणूस काहीही बोलतो. सगळ्या गावाची नावं आहेत, माझ्या आईचं नाही? किल्ली तिच्या कमरेला होती, घासून घासून हात गेले तिचे. आणि तिच्याच ताटावर नाव नाही?" त्याचा आवाज फाटला. "मामा काय म्हणतील? तुम्हाला काहीच वाटत नाही का?"

मला काय वाटतं ते मला सांगता येत नाही. कधीच आलं नाही. मी म्हणालो, "ताटं मी आणतो. तू बस घरी."

तो म्हणाला, "आणा. तुमचंच घर आहे."

एसटीनं अमळनेरला गेलो. दुकानदारानं ताटं बांधताना विचारलं, "नाव काय टाकायचं, बाबा?" यंत्रवाला शेजारीच बसला होता, सुई वर धरून. मी म्हटलं, काही टाकायचं नाही. यंत्रवाला म्हणाला, "कोणासाठी आहेत?" मी म्हटलं, बायकोसाठी. त्यानं सुई खाली ठेवली आणि दुसरीकडं बघितलं. त्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याला नाव टाकायचे पैसे जड झाले.

गंधमुक्तीला गाव जेवलं. जुन्या ताटांत वाढलं, नावांवर. मेलेलीच्या जेवणाला मेलेल्यांची ताटं चालतात. कोरी ताटं मी खोलीत वेगळ्या फळीवर ठेवली. पोरगा तिसऱ्या दिवशी सुरतला गेला. जाताना पाया पडला, पण बोलला नाही. अजून फोन येतो तो सुनेचा येतो. किल्ली आता माझ्या कमरेला असते. गटातल्या बायका म्हणाल्या, तुम्हीच ठेवा, आबा.

आखाजीच्या, अक्षय तृतीयेच्या, सुमारास लग्नं लागली. मी पारावर जाऊन सांगितलं, कोरी ताटं आहेत, नाव नाही, न्या. माणसांनी हो हो केलं. कोणी आलं नाही. एक लग्न झालं, दुसरं झालं. दोन्हीच्या ताटल्या माझ्या दारात आल्या. मी त्या गोणीत भरल्या. गोणी न्यायला घंटागाडी येत नाही, तिचा एक टायर गेला आहे.

मग शेजारीण आली. हिची पोर माझ्या बायकोच्या मांडीवर वाढलेली, तिचंच लग्न होतं. शेजारीण ओसरीवर बसली, इकडचं तिकडचं बोलली. शेवटी मीच म्हणालो, "ताटं न्यायला आलीस?"

ती खाली बघत म्हणाली, "नाव नही ते बरं शे, आबा. पन कोना शेतस ते बठ्ठासले माहीत शे."

खरंच की. गावात ताटं कोणाची हे सांगायला नाव कशाला लागतं? तिनं मरताना सगळा विचार केला, तेवढा राहिला. माझाही राहिला.

शेजारीणच उठता उठता म्हणाली, "द्या मात्र. मी ली जास." नेते म्हणाली. मला वाटलं, पोरीसाठी हिनं मन मोठं केलं. मी ताटं पुन्हा राखेनं घासली, कोरडी पुसली, हातगाडीवर तिच्या दारात पोचवली.

लग्नाला धोतर नेसून गेलो. मांडवात वऱ्हाडी रांगेनं उभे, हातात चकचकीत ताटल्या. मी एकीकडून दुसरीकडं बघत गेलो. स्टीलचं ताट एक नाही. मांडवाच्या मागं, चुलाणाच्या धुरात, बँडवाले आणि आचारी जमिनीवर बसले होते. कोरी ताटं त्यांच्यापुढं होती. ती माणसं पाचोऱ्याकडची. त्यांना काय माहीत, कोण मेलं आणि कोणाची ताटं.

शेजारीण मला बघून धावत आली. डोळ्याला पदर. "आबा, सोयरे काय म्हणतीन, म्हणीसन... पन रिकामी ठेवली नही मी."

मी म्हटलं, "जा, वऱ्हाडाकडं बघ. पोरीचं लगीन शे."

आणि बँडवाल्यांच्या ओळीत बसलो. शेजारचा डफवाला म्हणाला, "बाबा, इकडं कुठं? तिकडं बुफे आहे."

"हातात धरून खायची सवय नाही."

"आम्हालाही नाही, पण देतात तेच खायचं." त्यानं ताटाला बोट वाजवून पाहिलं. "हे ताट मात्र चांगलं जड आहे. आम्हाला कोण देतं असं? आम्ही गाडीत बसून कागदावर खातो."

आचाऱ्यानं माझ्यापुढं ताट ठेवलं. वरण, बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी. मी बट्टी कुस्करली, वरण ओतलं. जेवलो. ताट रिकामं झालं तरी खालून काही वर आलं नाही, नुसतं स्टील, त्यात मांडवाचं कापड दिसत होतं. डफवाला म्हणाला, आणखी घ्या, बाबा. मी घेतलं.

वरात निघाल्यावर ताटं मी हातगाडीवर घालून घरी आणली. घासली, ओसरीच्या पुढं उन्हात उभी केली. तोवर वारा सुटला आणि वऱ्हाडाच्या ताटल्या नाल्यात येऊन पडू लागल्या. संध्याकाळ व्हायच्या आत कोणीतरी काडी लावली. कोण ते बघायला मी गेलो नाही. धूर वळला तसा मी खांबापासून उठलो आणि आधी ताटं आत घेतली. काजळी बसली की राखेनं निघत नाही, असं ती म्हणायची.