ऑटोचं धान

आधीच सांगते, मी चौथी शिकलेली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, अक्षर वाकडं आलं तर माफ करा. पण जगातली प्रत्येक गाडी ही नावच आहे असं मानणारं माणूस आमच्या मामीबाईशिवाय दुसरं होणं नाही, म्हणून लिहून ठेवते.

मामीबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची मामी. वैनगंगेकाठी मासे धरणाऱ्या घरातली. डोळे दाखवायला ती पहिल्यांदा चंद्रपूरला आमच्याकडे आली, तेव्हा ऑटोत चढताना तिने चपला काढून हातात घेतल्या, सीटच्या बरोबर मधात बसली आणि मला दटावलं, "हालू नोको व पोरी, उलटन!" वळण आलं की ती दुसऱ्या अंगाला झुकायची. लाल दिव्याला ऑटो थांबला, तर नाव घाटाला लागली समजून शेजारच्या स्कूटरवाल्याला म्हणाली, "कोणत्या गावचे जी भाऊ?" हिरवा दिवा लागला तरी तो बिचारा आपले सोयरे सांगतच होता.

दाराशी उतरल्यावर ऑटोवाल्या चाचांना म्हणाली, "धान निघालं का आणून देईन, भाऊ." तिच्या गावी नावाड्याला कोणी पैसे देत नाही. वर्षभर पार व्हायचं आणि सुगीला धान मोजायचं.

"माजी, यहाँ नगदी चलता," चाचा हसले.

मी पैसे काढू लागले तर तिने माझा हात धरला. "मले पार केलं, देणं माहं. तू काऊन देतं? लोक म्हणतीन, बुढी फुकट पार झाली!" चाचांनी हात जोडून धान कबूल केलं.

दिवाळीनंतर ती खरंच पोतडी घेऊन आली. बसस्टँडवर हाका मारून चाचांना शोधलं, पायलीने धान मोजलं आणि लगेच चपला हातात घेऊन त्यांच्याच ऑटोत बसली. "चाल भाऊ, घरी. हे पुढच्या धानावर!" असं दर साली. मी आपली लाजेने पदर तोंडावर धरून बाजूला उभी.

यंदा पावसाळ्यात मामीबाई गेली. शेवटी घोर एकच होता. "त्या भाऊचं राह्यलं व. तू देजो." परक्या माणसाशी मी कधी बोलले नव्हते. तरी "देईन" म्हटलं.

तिच्या गावचं धान निघाल्यावर पोतडी डोक्यावर घेऊन स्टँडवर गेले. चाचांनी आधी पोतडी पाहिली, मग माझ्या पाठीमागे पाहिलं.

"माजी?"

मी मान हलवली. त्यांनी दुपट्टा पसरला, मी पायली भरत गेले.

"पूरा फिट गया, बेटी. चल, घर छोड़ता."

"नाई चाचा," मी म्हणाले. "बसलं का पुन्हा देणं लागन."

चपला पायातच ठेवून मी चालत घरी आले. मामीबाईचं सगळं फिटलं होतं.