उतार हाय तवर

उतारमामांवर अन्याय झाला तो गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, परभणीतल्या बॅटरीच्या दुकानात. मागच्या खेपेला ऐकलेल्या भावाइतकी रक्कम जमवून मामा गेले होते, आणि भाव तोवर आणखी वर सरकला होता. दुकानदार म्हणाला, वरूनच वाढून आलाय. वर विचारावं तर म्हणे शिसं महागलं. गुन्हा झाला, गुन्हेगार कुणीच नाही. मी पत्रक लिहायला बसलो, तर जाहीर निषेध कुणाचा, तेच लिहिता येईना.

मामा ताडकळस ते परभणी जीप चालवायचे. बॅटरी बसलेली, किल्लीनं गाडी सुरू होत नसे, म्हणून ती कधी सपाटीला लावली नाही. गावातल्या शाळेपुढच्या उतारावर, तोंड खाली करून, चाकाला दगड लावून. माणसं भरली की दगड काढायचा, गाडीनं वेग घेतला की सेकंड गिअर टाकून क्लच सोडायचा. एक हिसका, की इंजिन चालू. "उतार हाय तवर मामा हाय," म्हणायचे.

परभणीत मात्र उतार नव्हता. तिथं प्रवाशांनीच ढकलायचं. एकदा एक बाई वैतागली, "मामा, गाडीत बसायचं का गाडीला घेऊन जायचं?" मामा स्टिअरिंगवरूनच म्हणाले, "माहेरी जायलीस ना? मग जरा घाम येऊ दे. आईला वाटंल, पोरीला सासरी लय काम हाय." बाई हसली आणि ढकलू लागली. ढकलणाऱ्याला पुढची सीट, हा मामांचा कायदा.

थंडीत ते बॅटरी काढून घरात आणायचे, गोधडीत गुंडाळून ठेवायचे. मामी म्हणायच्या, "मला कधी पांघरूण घातलं का असं?" मामांचं उत्तर ठरलेलं, "ती तुझ्यावाणी टिकली असती तर कशाला जपली असती?"

मी त्यांना म्हणालो, मामा, उपोषणाला बसू. त्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "बसतो की. पण कुणाच्या दारात? भावाला दार हाय का?" या प्रश्नाचा मला आजही राग येतो.

मग गावात सिमेंटचा रस्ता आला. त्याच्या मागणीवर पहिली सही मामांची होती. खड्ड्यांनी जीपच्या स्प्रिंगचे पाटे मोडत होते. रस्ता चांगला झाला. फक्त तो करताना शाळेपुढचा उतार भरून सपाट केला. मामांनी सकाळी येऊन पाहिलं, चाकाचा दगड उचलला, आणि कुठं ठेवावा ते न सुचून हातातच धरून उभे राहिले. "चांगला केला रस्ता," एवढंच म्हणाले.

जीप आता तिथंच उभी असते. मामा रोज काच पुसून आत बसतात. परभणीला दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्या येऊन विचारतात, "निघायलाव का?" मामा म्हणतात, "माणसं जमू द्या."

बाजारच्या दिवशी गावातले आम्ही चौघं ढकलायला जातो. भरलेली जीप सपाटीला चौघांना हलत नाही. हे वाचून हळहळू नका. येत्या बाजारी ताडकळसला या, पिशवी खाली ठेवा आणि मागून हात लावा.