अंतरपाट
आमच्या नाटक मंडळीनं म्हाताऱ्याशी कोवळ्या पोरीचं लग्न लावायचं जुनं नाटक बसवलं. माझी शाळा चौथीपर्यंतच, म्हणून मला काम एकच, अंतरपाटाचं एक टोक धरायचं. प्रयोगाला लग्न मोडणारा नट वेळेवर आलाच नाही. भटजीनं मंगलाष्टक तिसऱ्यांदा सुरू केलं. माझे हात भरून आले, जीव सारखा विंगेकडं ओढत होता. लोक हसायला लागले.

"काका, सोडा आता!" विंगेतून दिग्दर्शक दबक्या आवाजात ओरडला.

"नाय सोडणार. हा खाली गेला की लग्न लागलं. मग मोडायचं काय, कपाळ?"

नवरी झालेली पोरगी पुटपुटली, "धरा काका."

तेवढ्यात तो नट धापा टाकत आला आणि लग्न मोडलं. टाळ्या मात्र सगळ्या त्यालाच पडल्या.