सुमनताईंच्या स्क्रीनवरचा पुठ्ठा

सुमनताईंच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर, खाली उजव्या कोपऱ्यात, अगरबत्तीच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटपट्टीने डकवलेला होता. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, काच तडकली असेल. कोन गावाजवळच्या एका कंटेनर यार्डात त्या गाड्यांच्या नोंदी करायच्या आणि त्यासाठीचं सॉफ्टवेअर पनवेलच्या आमच्या छोट्या कंपनीनं बनवलं होतं. त्यातल्या सूचना, म्हणजे काम चालू असताना कोपऱ्यात वर येणाऱ्या छोट्या चौकटी, माझ्या हातच्या होत्या. "यार्डात कोणी सूचना बघतच नाही" अशी तक्रार आली म्हणून मी स्कूटर काढून तिथे गेलो, तर माझी सगळी कारागिरी त्या पुठ्ठ्यामागे झाकलेली.

"ताई, हे काय लावलंय?"

"ती चौकट तुजी हाय का?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "सारकी डोकं वर काडते. गाडी आली, गाडी गेली. मना दिसते ना गाडी, खिडकीतून."

ताई पन्नाशीच्या, उरणकडच्या कोळी घरातल्या. डाव्या हातात स्लिपांचा गठ्ठा, उजवा हात आकड्यांवर. नंबर, एंटर. नंबर, एंटर. न्हावा शेव्याकडून ट्रेलरची रांग लागली की तो हात थांबायचाच नाही, आणि नजर मात्र कायम स्लिपवर. स्क्रीनकडे बघणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. "भाकरी थापताना कोन तव्याकडं बगत बसतं का?" म्हणायच्या.

मी त्यांच्या अगदी उलट. खुर्चीत दहा मिनिटं टिकणं म्हणजे मला शिक्षा. बसल्या बसल्या पाय हलवतो, उगाच फोन उघडतो, उठून पाणी पितो, परत येतो आणि कशाला उठलो होतो ते विसरतो. त्यांचं काम बघायला म्हणून मी दोन दिवस शेजारी बसलो. दुसऱ्या दिवशी ताई शांतपणे म्हणाल्या, "ती चौकट तुज्या अंगातच हाय रे बाला. जरा वेल गेला का वर येते." सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो, पण तेवढ्यापुरताच.

त्या दुपारी डबा खाताना त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. "माजा बा जालं विनायचा. विनताना त्याला हाक मारायची नाय, असा नेम होता घरात. गाठ चुकते. निरोप असला तं बाजूला जाऊन बसायचं. गाठ झाली का तो सोताच मान वर करायचा, काय रं म्हनून." मी मान डोलावली, त्यांच्या डब्यातला बोंबील संपवला आणि गोष्ट तिथेच विसरलो.

मग मी जे केलं ते म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पुठ्ठा कोपऱ्यात लागतो ना, मग मी महत्त्वाच्या सूचना थेट स्क्रीनच्या मधोमध आणल्या. वर ताईंना माउसपर्यंत हात न्यायला नको म्हणून 'ठीक आहे' हे बटण आधीच निवडून ठेवलं. एंटर दाबला की चौकट मिटणार आणि दाबणाऱ्याचं नाव वेळेसकट नोंदीत जाणार. मी स्वतःवर भलताच खूश होतो. तोच एंटर ताई दिवसभर न बघता दाबत असतात, हे दोन दिवस डोळ्यांनी पाहूनही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

तीन आठवड्यांनी, एका सोमवारी सकाळी, यार्डातल्या एका थंड कंटेनरची वीज बंद पडली. आत निर्यातीची कोळंबी होती. ताईंच्या स्क्रीनवर मधोमध सूचना आली आणि त्यांच्या पुढच्याच एंटरनं मिटली. ताईंनी ती पाहिलीसुद्धा नाही. मंगळवारी कंटेनर उघडला तेव्हा त्या वासानं माणसं मागे सरली. नोंदीत स्पष्ट होतं: सूचना वाचली, सुमनताई. बुधवारी मॅनेजरनं सगळ्यांसमोर त्यांच्याकडून चुकीची कबुली लिहून घेतली आणि त्यांना घरी बसवलं. त्या वाद घालत बसल्या नाहीत. "एंटर मीच दाबला ना, मंग चूक माजीच," एवढंच म्हणाल्या.

मला मंगळवारीच कळलं होतं. नोंद माझ्यासमोर आली त्याच क्षणी लक्षात आलं, ताईंनी सूचना वाचलीच नव्हती, माझ्या एंटरनं ती मिटवली होती. मी आमच्या कंपनीच्या साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "नोंद आहे ना? मग आपण कशाला मध्ये पडायचं?" मला तेवढंच निमित्त हवं होतं. मी मूग गिळून बसलो. बसलो कसला, वडाळे तलावाभोवती फेऱ्या मारत सुटलो. फोन काढायचा, ताईंचा नंबर समोर आणायचा, परत खिशात टाकायचा. शेवटी माझ्यासारखी माणसं करतात तेच केलं: कामाला लागलो.

तीन दिवस खपून मी ती चौकट नव्यानं बांधली, ताईंच्या वडिलांचा नेम आठवून. आता सूचना बाजूच्या पट्टीत येऊन बसते. टाइप करणाऱ्याच्या कर्सरला हात लावत नाही, हातातली नोंद पुरी होईपर्यंत थांबते. साधी असेल तर गुपचूप यादीत जाते. गंभीर असेल तर माउसनं उघडून वाचल्याशिवाय हलत नाही. एंटरला ती दादच देत नाही. माझ्या हातून इतकं चांगलं काम त्याआधी झालं नव्हतं.

शनिवारी सकाळी मी यार्डाच्या मॅनेजरसमोर जुनी चौकट सुरू केली, हातात वीस स्लिपा दिल्या आणि म्हटलं, "ताईंसारख्या भरून दाखवा, मान वर न करता." त्यांनी भरल्या. मी विचारलं, "मध्ये किती सूचना आल्या?"

"कुठे काय आलं?" ते म्हणाले.

मी नोंद उघडली. दोन सूचना 'वाचलेल्या', खाली मॅनेजरचं नाव. त्यांनी ते नाव बोट ठेवून वाचलं. मग त्यांनी फाइलमधून ताईंची कबुली काढून घेतली आणि सोमवारपासून त्यांना कामावर यायला सांगा म्हणाले.

मी लॅपटॉप घेऊन थेट उरणकडे, ताईंच्या घरी गेलो. घडलेलं सगळं भडाभडा सांगितलं आणि नवी चौकट दाखवली. त्यांनी ओट्यावर बसूनच चार नंबर टाकले, बाजूला आलेली सूचना वाचली. "हां. ही शानी हाय," म्हणाल्या. मी सुखावलो. मग त्यांनी विचारलं, "त्या एंटरचं तुला कदी कललं?"

"मंगळवारी."

"मी सही बुदवारी केली." त्यांनी लॅपटॉप हलकेच मिटला. "माजा भाव सोता कोलंबी धरतो. चार दिस मी त्याच्यासमोर जेवाय बसले नाय. आनि तू चौकट बांदत बसलास?"

"दुरुस्त करून मगच सांगावं असं वाटलं, ताई."

"दुरुस्ती मंग करायची. आदी सांगायचं. मानूस तिकडं जलत असतो." त्या चिडल्या नव्हत्या, आणि तेच मला सहन होईना. जायला उठलो तेव्हा म्हणाल्या, "मी येईन सोमवारी. पन ज्यांनी मना सही करताना बगितलं, त्यांच्यासमोर तू बोल."

सोमवारी मी यार्डाच्या ऑफिसात उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी होती, आणि ती मला ताईंनी सही करायच्या आदल्या दिवशीच कळली होती. माझे साहेब पुढे महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. ताईंनी पदरानं कीबोर्ड पुसला आणि पहिली स्लिप उचलली.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. माझा चुळबुळा स्वभाव काही गेला नाही. आजही कामात चूक सापडली की हात आधी कीबोर्डकडे धावतो. तो मी मागे घेतो, आणि जिला किंवा ज्याला त्या चुकीची झळ बसणार असते त्या माणसाला आधी फोन लावतो.