नस, नजर आणि आईची दाढ

दातांची डॉक्टर झालं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. लोक तोंड उघडतात आणि ते आपोआप बाहेर पडतात. डोंबिवलीत माझा दवाखाना आहे. रूट कॅनल, म्हणजे किडलेल्या दाताचा आतला भाग साफ करून दात वाचवणं, हे काय असतं ते पेशंटच मला शिकवतात. पूर्वी मी हसून सोडून द्यायचे. आता वाद घालते. कारण असलंच काहीबाही ऐकून माझी सख्खी आई दुखरी दाढ उपटून टाकायला निघाली होती, आणि मला ती दाढ वाचवायचीच होती.

*

एक रिटायर्ड काका आले. रूट कॅनलने डोळ्यांची नस दुखावते म्हणे. त्यांच्या मेहुण्याला ट्रीटमेंटनंतर लगेच चष्मा लागला होता. मेहुण्याचं तेव्हाचं वय विचारलं, तर पंचेचाळीस. मी म्हटलं, काका, त्या वयात मलाही लागला, दाताला हात न लावता. डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी. आणि तुमचा दात तर खालचा आहे!

काकांनी जरा विचार केला.

"मग कानाला काही होईल का?"

*

घोडबंदर रोडचा एक आयटीवाला. सासुरवाडी डोंबिवलीची, म्हणून माझ्याकडे आलेला. पहिल्या सीटिंगनंतर ठणका थांबला आणि त्याने पुढची अपॉइंटमेंट मेसेजवर रद्द केली. 'इश्यू रिझॉल्व्ड.' मी कळवलं, दुखत नाही म्हणजे बरं झालं असं नाही, आतलं काम अर्धवट आहे. त्यावर नुसता अंगठा आला.

दोन महिन्यांनी हजर, गाल टम्म सुजलेला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "मॅडम, रिओपन करा."

*

आंबिवलीच्या एका मावशींना मी समजावलं की आतली नस मेली आहे, पण दात शाबूत राहील. त्या ताडकन उठल्या.

"मेलेलं तोंडात ठेवून देवाचं नाव कसं घेऊ?"

मी म्हटलं, मावशी, केस आणि नखंही मेलेलीच असतात, ती घेऊन देवळात जाताच ना? नखं कापून जाते, असं त्या लगेच म्हणाल्या. मग अंबाडा चाचपत खुर्चीत बसल्या.

*

आता आमच्या मातोश्री. वय त्र्याहत्तर. रूट कॅनलने सांधे धरतात, असं तिचं ठाम मत. पुरावा काय, तर शेजारच्या कमलमावशींचे गुडघे. अगं, कमलमावशींना पूर्ण कवळी आहे! रूट कॅनल करायला तोंडात दात तरी हवा की नको?

एक्स-रे काढून दाखवला. मुळं भक्कम होती. तरी तिचं एकच, उपटून टाक. मी म्हटलं, वाचणारी दाढ मी काढणार नाही, तू माझी आई असलीस तरी. मग दुसरीकडे जाते, म्हणाली, आणि खरंच ठाण्याच्या एका डॉक्टरांकडे गेली. त्यांनीही रूट कॅनलच सांगितलं. तिथे बाईसाहेबांनी निमूटपणे करून घेतलं! मला कळलं ते थेट दाढेवर कॅप बसल्यावर.

दाढ वाचली याचा आनंद झालाच, पण राग त्याहून मोठा होता. माझ्याकडे का नाही, असं विचारलं.

"त्यांचे केस पांढरे आहेत," ती म्हणाली.

पंधरा दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही.

*

गेल्या आठवड्यात ती माझा डबा घेऊन दवाखान्यात आली. बाहेरच्या बाकावर एक बाई रूट कॅनलच्या भीतीने रडकुंडीला आल्या होत्या. आई त्यांच्या शेजारी बसली आणि गाल ओढून कॅप दाखवायला लागली. काही दुखत नाही हो, मी केलंय ना, खुशाल करा.

बाईंना धीर आला. "इथेच केलंत का?"

"छे हो. मी तिची आई. माझ्या तोंडात सुई घालताना तिचा हात थरथरला असता."

बाईंनी दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. मी दोन्ही हात पुढे केले, त्यांना नीट बघू दिले आणि म्हटलं, "या आत."