खूण सांगा, फोटो न्या

“नाव म्हाईत नाय. पण उतरतो कुठं, ते म्हाईत हाय,” असं म्हणत आमचे कंडक्टरकाका ओला फोटो डोळ्यांजवळ नेत. सारी नोकरी एसटीच्या धाटाव-रोहा-पेण गाडीवर झालेली; माणसं त्यांना थांब्यांवरूनच आठवत.

कुंडलिकेचा पूर ओसरल्यावर गावभर चिखलात सापडलेले फोटो आम्ही काही जणांनी मी शिकवत होते त्या शाळेत जमवले होते. पेणच्या गणपती कारखान्यांतून मऊ ब्रश आणले होते. चिखल काढायचा, फोटो दोरीवर वाळत घालायचा. काकांनी दोरीवरही थांबे पाडले : धाटाव, रोहा, नागोठणे, डोलवी, पेण. “हा वऱ्हाडी नागोठण्याचा. खिडकीसाठी भांडायचा.” त्या भांडकुदळाला निरोप धाडला की दोन दिवसांत लग्नघर सापडे.

एकदा मात्र काका घसरले. फेटेवाल्या आजोबांचा अर्धा पुसलेला फोटो त्यांनी छातीठोकपणे धाटावच्या एका घरी पोचवला. त्या भल्या माणसांनी फेट्यावरून आपला आजा ओळखला, हार घातला, उदबत्ती लावली. आठवड्याने पेणहून खुद्द आजोबा हजर! फोटो त्यांच्या रोह्यातल्या लेकीकडचा होता. धाटावहून तो परत आला, हारासकट. “मी मेलो कवा?” आजोबांनी विचारलं. काकांनी हार काढून खिशात कोंबला.

तेव्हापासून नियम झाला, खूण सांगा, फोटो न्या. घरच्यालाच ठाऊक असेल अशी खूण हवी. पटली की काका तिकिटं पंच करायच्या जुन्या चिमट्याने टेबलावर दोन ठोके देत. डबल बेल! त्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही. काका आता नाहीत, चिमटा माझ्या कपाटात आहे.

त्यांचं स्वतःचं घरही बुडालं होतं. बायको आधीच गेलेली. तिचा एकच फोटो होता, लग्नातला, तोही वाहून गेला. तो ते रोज शोधत. “बाई, पिळदार मिशीचा नवरा दिसला तर सांगा. छाती अशी पुढं!” हे मी दहादा ऐकलं होतं. दोरीच्या टोकाला मात्र एक काडीपैलवान नवरदेव महिनाभर बेवारस लटकत होता. टोपी कानांवर आलेली, तोंड रडवेलं. शेजारी नवरी, मान खाली, चेहरा मुंडावळ्यांआड. काका येताजाता त्याला टोमणा मारत, “ह्यो भित्रा कंदी गाडीत चढलाच नसंल.”

एके दिवशी नागोठण्याहून त्यांची थोरली बहीण आली आणि त्या फोटोपाशी थबकली. “मेल्या, ह्यो तूच हायस! टोपी बापाची नाय का ती?”

काकांनी दोरीवरचा फोटो डोळ्यांजवळ ओढला. “मी असा व्हतो?” मग हळूच म्हणाले, “आणि तरी ही आली माझ्याबरोबर!”

मी फोटो काढून द्यायला गेले, तर मागे सरले. टेबलाला वळसा घालून दोन बायकांच्या मागे रांगेत उभे राहिले. पाळी आल्यावर म्हणाले, “तिच्या डाव्या हातात एक बांगडी कमी हाय. मांडवात मी घाबरून तिचा हात घट्ट धरला, फुटली. सासूनं तिथंच शिवी हासडली.”

मी भिंग लावून मोजलं. उजव्या हातात सात, डाव्यात सहा. डोळे भरून आले म्हणून पुन्हा मोजावं लागलं.

फोटो दिला. तो छातीशी धरून काका उभेच. रांग खोळंबली, तरी हलायचं नाव नाही. शेवटी मी चिमटा उचलला आणि टेबलावर दोन ठोके दिले. तेव्हा कुठे ते निघाले.