नायकाला मी चहा सांगितला

काय सांगू, आठवलं की अजून कान गरम होतात!

मला वाटलं होतं, तीस वर्षं हिंदी पडदा गाजवून निर्माता झालेला माणूस म्हणजे काळा चष्मा, मखमली कोट आणि भोवती दहा चमचे. गंगापूर रोडजवळच्या झेंडूच्या मळ्यात शूटिंगला पोचले. चष्मा होता, कोट होता, कपाळावर ती प्रसिद्ध झुलपंही होती. चमचा मात्र एकही नाही! खुर्चीत एकटाच. किती साधा माणूस!

मी दिल्लीहून सिनेमाचं शिक्षण घेऊन नुकतीच परतलेली. संपादकांनी रविवारचं अख्खं पान राखलेलं. मुलाखत जमली तर नोकरी पक्की. सोबत इंदिरानगरची मावशी, त्याची जन्माची चाहती. तिला लांब बसवून बजावलं, "मावशी, किंचाळायचं नाही."

"इतकी वर्षं पडद्यावर... कसं वाटतं?"

"पडद्यावर पाठच दिसती ताई आपली. तोंड कोन बघतंय?"

केवढी नम्रता! लिहून घेतलं.

"बालपण?"

"नांदगावला. कांद्याच्या चाळीवरून लय उड्या मारल्या. त्याच कामाला आल्या."

हिरो नांदगावचा! आणि देशाला पत्ताच नाही! मी त्या ओळीखाली दोनदा रेघ ओढली.

"आणि निर्माता म्हणून?"

"ते त्यांना इचारा." त्याने चहाच्या पिंपाजवळच्या टकल्या गृहस्थाकडे बोट दाखवलं. बनियन, खांद्यावर टॉवेल. चहावाल्याला विचारू? काय ही विनोदबुद्धी!

"भैया, एक चाय! शक्कर कम. और कप धोके लाना!"

बिचाऱ्याने आणला. माझ्यातली क्रांती जागी झाली. "डरिए मत. ये प्रोड्यूसर आपसे बहुत काम करवाता है ना?"

"बहुत," तो गंभीरपणे म्हणाला. "तीस साल से छुट्टी नहीं दी कमबख़्त ने!"

तो आवाज ऐकला मात्र, मावशी झेंडू तुडवत धावत आली. "अगं बये! हाच तो! नुसता टोप काढलाय!" आणि तिने खटकन फोटो काढला.

मी खुर्चीकडे वळले. "मग... तुम्ही?"

"मी गणपत. साहेबांचा डुप्लिकेट. उड्या मी मारतो, गाणी ते म्हणत्यात. मला वाटलं, ताईंना ठावं हाय." मग हळूच म्हणाला, "आजवर मला कोनी काय इचारलंच नव्हतं ना."

साहेब हसून म्हणाले, "कल दस बजे आइए, मैं भी कुछ बता दूँगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजले. मी मळ्यात गेले नाही. नोकरी राहो की जावो, गणपतदादांचीच मुलाखत त्यांच्या नावाने छापायला द्यायची ठरवली. सोबत मावशीचा फोटो. खालची ओळ मीच लिहिली: 'मध्ये गणपतदादा. डावीकडे, चहा घेऊन आलेले, सुप्रसिद्ध अभिनेते-निर्माते. उजवीकडे, साखर कमी सांगणाऱ्या, आमच्या चित्रपटतज्ज्ञ.'